आढं फिरतंय, की कानातली खडी?

आत्या बेळगावजवळच्या येळ्ळूरची, वय अडुसष्ट. भातकापणीचे दिवस होते. पहाटे पाचला गोठ्याकडे जायचं म्हणून ती अंथरुणात उजव्या कुशीला वळली आणि दोन्ही हातांनी गादी घट्ट धरून ओरडली, "आढं फिरूलालंय बघ! धर गे मला!" सून धावत आली. आढं होतं तिथेच होतं. आत्या घामानं भिजलेली, तोंडाला पाणी सुटलेलं, पाठोपाठ एक उलटी. थोड्या वेळानं उठून बसली तर काहीच नाही. जरा पडते म्हणून उजव्या कुशीला आडवी झाली आणि पुन्हा आढं फिरायला लागलं.

पुढचे तीन महिने आपल्याकडे ज्या क्रमानं सगळं होतं त्याच क्रमानं झालं. बीपी बघितलं, ठीक निघालं. पित्ताच्या गोळ्या झाल्या. "अशक्तपणा असंल, एक सलाइन लावा की डॉक्टर," असं घरच्यांनीच सांगून सलाइन लावून घेतलं. मग शहरात नेऊन मानेचा एक्स-रे. त्यात मणक्यांत गॅप दिसली आणि गळ्यात पट्टा आला. पट्टा बांधूनही चक्कर येतच होती. खडेबाजारात साडी बघताना वरच्या फळीवरचा रंग नीट दिसावा म्हणून तिनं मान वर केली आणि दुकानदाराच्या गादीवरच बसकण मारली.

शेवटी एका कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी तिला खाटेवर निजवून दहा मिनिटं डोकं इकडून तिकडे वळवलं. चक्कर गेली. घरात मात्र समाधान नव्हतं. "औषध तर काहीच दिलं नाहीत!" एवढी फी घेऊन नुसतं डोकं फिरवून पाठवलं, ही तक्रार कितीतरी दिवस चालू होती. त्या दहा मिनिटांत खाटेवर नेमकं काय झालं, ते इथे सांगते.

एकच शब्द, त्यात तीन तक्रारी

आपण "चक्कर" म्हणतो तेव्हा तीन वेगळ्या गोष्टींना एकच नाव देतो. एकीत घर, भिंती, आढं गरगर फिरतं. दुसरीत डोळ्यांपुढे अंधारी येते, आता पडणार असं वाटतं, म्हणजे जुन्या माणसांची घेरी किंवा भोवळ. तिसरीत डोकं शांत असतं, पण चालताना पाय ठिकाणावर पडत नाहीत. पहिली बहुतेक वेळा कानाची असते. दुसरी रक्तदाबाची, हृदयाची, रक्त कमी असल्याची किंवा उपाशीपोटी राहिल्याची असू शकते. तिसरीत मधुमेहानं बधिर झालेल्या पायांपासून मेंदूपर्यंत काहीही येतं.

आपल्या भागात याला आणखी एक फाटा आहे. पेशंट मराठी, केसपेपर लिहिणारी नर्स कन्नड आणि तपासणारा शिकाऊ डॉक्टर तिसऱ्याच गावचा. "चक्कर" तिकडे जाऊन "तले सुत्तु" होते. तले म्हणजे डोकं, सुत्तु म्हणजे गिरकी. शब्द छान आहे, पण मराठीसारखाच तोही तिन्ही तक्रारींना सर्रास वापरतात. म्हणून आत्यानं ओरडून सांगितलेलं "आढं फिरूलालंय" हेच खरं निदानाच्या कामाचं होतं. केसपेपरवर त्याचं नुसतं "चक्कर" झालं आणि सगळी दिशाच चुकली.

फुगडी थांबली तरी अंगण का फिरतं?

पंचमीला फुगडी घातलेल्या प्रत्येकीनं आपल्या आतल्या कानाची तपासणी करून घेतलेली आहे. हात सुटतात, पाय थांबतात, तरी अंगण आणि तुळशीवृंदावन काही वेळ फिरतच राहतं. हे का होतं ते कळलं की अर्धा विषय संपला.

कानाच्या पडद्याच्या पलीकडे, हाडाच्या आत, प्रत्येक बाजूला तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. हरभऱ्याच्या दाण्याभोवती बसतील एवढ्याच लहान. आतून पोकळ पाटल्या समजा, आणि त्यांत पाणी भरलेलं. खोलीच्या कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन मिळतात तशा या तिघी एकमेकींना काटकोनात बसवलेल्या असतात. त्यामुळे डोकं कुठल्याही दिशेला फिरलं तरी एखादीला तरी ते कळतंच.

पाण्यानं भरलेलं पातेलं झटकन फिरवून बघा. पातेलं फिरतं, पाणी क्षणभर मागे राहतं. नळीतही हेच होतं. डोकं वळलं की पाणी मागे राहतं आणि नळीतला मऊ पडदा वाकवतं. पडद्यात रुतलेल्या बारीक केसांच्या पेशी मेंदूला कळवतात, "डोकं उजवीकडे वळलं." फुगडी बराच वेळ चालली की पाण्यालाही नळीचाच वेग येतो. आपण थांबतो तेव्हा नळी थांबते, पाणी मात्र पुढे जात राहतं आणि पडदा उलट्या बाजूला वाकवतं. पाय थांबलेत असं पायांना ठाऊक असतं, पण कान सांगतो अजून फिरतोय, आणि तेही उलटं.

ही बातमी सगळ्यात आधी डोळ्यांना जाते. मोबाइल हातात असेल तर आत्ताच करून बघा: मोबाइल स्थिर धरून डोकं "नको नको" असं जोरात हलवा, अक्षरं वाचता येतात. आता डोकं स्थिर ठेवून मोबाइल तेवढ्याच वेगानं हलवा. अक्षरांचा चिखल होतो. डोकं हलतं तेव्हा कान डोळ्यांना तेवढंच उलटं फिरवून नजर धरून ठेवतो. म्हणूनच कान खोटी बातमी द्यायला लागला की डोळे आपोआप झटके देऊ लागतात आणि जग फिरताना दिसतं.

चोर्ला घाटात गाडी लागते ती याच भांडणातून. मोबाइलमध्ये घातलेले डोळे म्हणतात सगळं स्थिर आहे, कान म्हणतो वळणावर वळण. खिडकीतून लांबचा डोंगर बघितला की दोघांचं जमतं.

भोगीच्या भाकरीवरचे तीळ

या तीन नळ्यांच्या बुडाशी दोन पिशव्या असतात. वळणं हे नळ्यांचं काम. डोकं किती कललंय, लिफ्ट वर चालली आहे की खाली, गाडीनं ब्रेक मारला का, हे पिशव्यांचं. त्यांच्यात एक चिकट थर असतो आणि त्यावर अगदी बारीक स्फटिक पसरलेले असतात. भोगीच्या भाकरीवर तीळ थापलेले असतात ना, तसे. स्फटिक कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे अंड्याच्या टरफलाचाच पदार्थ; आकारानं पिठापेक्षाही बारीक. डोकं कललं की हे वजन एका बाजूला ओढतं आणि खालच्या केसांना कल कळतो.

भाकरी शिळी झाली, हातातून पडली की तीळ सुटतात. इथंही वय वाढलं, डोक्याला मार लागला की काही स्फटिक सुटून पिशवीतून नळीत घरंगळतात. पन्नाशीपुढच्या बायकांत हे जास्त दिसतं. हाडं ठिसूळ असणं आणि ड जीवनसत्त्व कमी असणं यांच्याशीही त्याचा संबंध आढळला आहे. कधी कधी काहीच कारण सापडत नाही.

नळीत खडी गेली की काय होणार? आत्या वळते, खडी नळीत खाली घसरते आणि घसरताना पाण्याला ढकलते. पडदा वाकतो. डोकं हलायचं थांबलेलं असतं, पण कान ओरडत असतो की गिरक्या चालू आहेत. खडी तळाला बसली की सगळं शांत. म्हणून ही चक्कर वळल्यावर एक-दोन सेकंदांनी सुरू होते आणि मिनिटाच्या आत संपते. मागाहून मळमळ, डोकं हलकं वाटणं तासभर राहू शकतं; गिरकी राहत नाही. हिचं वैद्यकीय नाव लांबलचक आहे, बिनाइन पॅरॉक्सिझमल पोझिशनल व्हर्टिगो. डॉक्टर बीपीपीव्ही म्हणतात. बिनाइन म्हणजे जिवाला धोका नसलेली. मी पुढे तिला खडीची चक्कर म्हणते. कानातून येणाऱ्या चकरांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारी हीच.

ऐकू चांगलं येतं, मग कानाचा दोष कसा?

कारण एकाच घराच्या दोन खोल्या आहेत. एका बाजूला शंखासारखा भाग, तो ऐकण्याचा. दुसऱ्या बाजूला या नळ्या आणि पिशव्या, त्या तोलाच्या. एक खोली बिघडली म्हणून दुसरी बिघडलीच पाहिजे असं नाही. कुस्तीगिरांचे आखाड्यात चेंबलेले, फुललेले कान बघून काही जणांना वाटतं की तोलही जात असेल. तो नुसता बाहेरचा पाळा. तोलाशी त्याचा काही संबंध नाही. कानातल्या मळाचंही तेच, तो पडद्याच्या अलीकडेच असतो.

कानाचा आणि गिरकीचा संबंध डॉक्टरांनाही उशिराच पटला. १८६१ मध्ये पॅरिसच्या प्रॉस्पर मेनिएर यांनी अशी चक्कर आतल्या कानातून येऊ शकते असं मांडलं. तोवर तो मेंदूचाच विकार समजला जाई. नंतर व्हिएन्नात रॉबर्ट बारानी यांच्याकडे कान धुवायला येणाऱ्या पेशंटांना चक्कर येई. गार पाण्यानं धुतलं तर डोळे एका बाजूला झटके देत, फार गरम पाण्यानं धुतलं तर उलट्या बाजूला. न्हाणीघरातल्या बंबात काय होतं ते आठवा: गरम पाणी वर चढतं, गार खाली राहतं. कानातल्या नळीतही पाण्याचा असाच ओघ सुरू होतो, हे बारानींनी ओळखलं. त्यांना १९१४ चं नोबेल मिळालं. बातमी आली तेव्हा ते पहिल्या महायुद्धात रशियाच्या कैदेत होते. कोमट-गार पाण्याची ती तपासणी आजही करतात.

म्हणून एक सांगून ठेवते. चक्कर आली की कानात लसणाचं कढत तेल ओतणारे महाभाग आपल्याकडे घरोघर आहेत. त्यानं खडी हलत नाही, पण बारानींचा प्रयोग मात्र घरच्या घरी होऊ शकतो, आणि पडद्याला भोक असेल तर कान जातो.

पण मान हलवली की येते, म्हणजे मानेचंच ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि तो चुकीचा वाटत नाही. पण मान वळते तेव्हा डोकंही वळतं, आणि डोक्यात कान असतो. मान सरळ ठेवून, सगळं अंग लाकडाच्या ओंडक्यासारखं एकदम कुशीवर लोटलं तरी आत्याला चक्कर यायची. मानेचा एक मणकाही तेव्हा वळत नव्हता. उलट, खुर्चीत ताठ बसून हळूहळू डावी-उजवीकडे मान फिरवली तर तिला फारसं काही होत नसे.

आणि एक्स-रेतली ती गॅप? साठीनंतर बहुतेकांच्या मानेत झीज दिसते. पांढऱ्या केसांसारखं आहे ते. चक्कर येणाऱ्या माणसाचे केस पांढरे आहेत म्हणून कुणी चकरेचा दोष केसांना देत नाही. मानेच्या झिजेनं मान दुखते, हाताला मुंग्या येतात. अंथरुणात कूस बदलल्यावर घर फिरणं हे तिचं लक्षण नव्हे. पट्ट्यानं आत्याला थोडा आराम पडला तो डोकं कमी हललं म्हणून. आजार होता तिथेच होता. मला या पट्ट्यांचा रागच आहे, तो बाजूला ठेवते.

खाटेवरची ती दहा मिनिटं

डॉक्टरांनी आत्याला खाटेवर पाय लांब करून बसवलं. डोकं उजवीकडे अर्धं वळवलं आणि "डोळे मिटायचे नाहीत हं आजी" असं सांगून झपकन मागे निजवलं, डोकं खाटेच्या कडेखाली थोडं लोंबेल असं. दोन सेकंद काही नाही. मग आत्यानं डॉक्टरांचं मनगट पकडलं. मी शेजारी उभी होते. तिची बुबुळं कपाळाच्या दिशेला झटके देत होती आणि प्रत्येक झटक्याला खालच्या कानाकडे पिळ घेत होती. साधारण वीस सेकंदांनी झटके मंदावले, थांबले. "सापडली," डॉक्टर म्हणाले.

ही तपासणी डिक्स आणि हॉलपाइक या दोघांनी १९५२ मध्ये लिहून ठेवली. डोळे कुठल्या दिशेला झटकतात त्यावरून खडी कुठल्या कानात, कुठल्या नळीत आहे ते कळतं. बहुतेक वेळा ती मागच्या नळीत असते, कारण ती सगळ्यात खाली लोंबते आणि गाळ तळालाच जाणार.

पुढचा उपाय म्हणजे पोकळ पाटलीत शिरलेला वाळूचा कण तोंडाकडे आणायचा. पाटली फोडायची नाही, थोडी थोडी फिरवत राहायची. आत्याचं डोकं तसंच लोंबतं ठेवून ते हळूच डावीकडे वळवलं. थांबले. मग तिला सगळ्या अंगानं डाव्या कुशीवर, नाक जमिनीकडे येईल असं वळवलं. थांबले. मग उठवून बसवलं. प्रत्येक ठिकाणी खडी वजनानं घरंगळून पुढे सरकते आणि शेवटी नळीतून निघून परत पिशवीत पडते. तिथे ती त्रास देत नाही. अमेरिकेतल्या जॉन एप्ली यांनी ही रीत शोधली. सुरुवातीला त्यांच्याच बरोबरीच्या डॉक्टरांनी त्यांना हसण्यावारी नेलं. ती नीट छापून आली ती १९९२ मध्ये. आज ती जगभर वापरतात, आणि दहापैकी आठेक जणांना एक-दोन वेळांत गुण येतो.

मग गोळ्या कशाला असतात?

उलट्या थांबवायला, पहिले एक-दोन दिवस निभावायला. गोळी खाऊन खडी हलत नाही. नळात दगड अडकला तर पाण्यात औषध टाकून काय होणार? सिनारिझिन, प्रोक्लोरपेराझिन अशी औषधं तोलाच्या बातम्या दाबून टाकतात. ती महिनोन् महिने घेतली तर मेंदूला सावरायला शिकता येत नाही, म्हाताऱ्या माणसांना झापड येते, तोल आणखी जातो, आणि कुणाकुणाला हात थरथरणं, अंग आखडणं सुरू होतं. चकरेची गोळी वर्षभर चालू असेल तर ती कशासाठी आहे हे विचारायचा पेशंटला पूर्ण हक्क आहे. मनानं एकदम बंद करू नका, विचारा.

चक्कर तासभर किंवा दिवसभर टिकली तर?

मग ती खडीची नव्हे. वीस मिनिटांपासून काही तास गिरकी, त्यासोबत एका कानात घूं असा आवाज, कान दडपल्यासारखा, ऐकू कमी: हा मेनिएर यांच्या नावाचा आजार. आतल्या कानातलं पाणी वाढून दाब येतो. यात डॉक्टर मीठ कमी करायला सांगतात. लोणचं, पापड आणि सांडगी मिरची ताटात असल्याशिवाय न जेवणाऱ्या आपल्या भागात ही शिक्षाच आहे.

कधी सर्दी-तापानंतर एका बाजूची तोलाची नस सुजते. दोन कान म्हणजे बैलजोडी. दोघे सारखे ओढतात तोवर गाडी सरळ. एक बैल मध्येच बसला तर दुसरा गाडीला गोल फिरवणार. माणूस दोन-तीन दिवस अंथरुणातून उठू शकत नाही, डोळे उघडले तरी उलटी. ऐकू मात्र नीट येतं. यात गाडीवान, म्हणजे मेंदू, हळूहळू एका बैलावर गाडी हाकायला शिकतो. तो चालता-फिरता शिकतो, पडून नाही. म्हणून पहिले काही दिवस गेले की डॉक्टर मान फिरवायला, चालायला लावतात. घरचे मात्र "उठू नको, पडशील" म्हणत महिनाभर झोपवून ठेवतात.

स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिनसारखी इंजेक्शनं दोन्ही बैलांना एकदम जायबंदी करू शकतात. मग गिरकी येत नाही, पण अंधारात चालता येत नाही. तोल तीन खांबांवर उभा असतो: कान, डोळे आणि पायांचा स्पर्श. कान गेलेला, पाय मधुमेहानं बधिर, आणि खानापूरकडच्या एखाद्या वस्तीत पावसाळ्या रात्री लाइट गेली, तर तिसरा खांबही जातो. म्हातारी माणसं परसात पडतात आणि खुब्याचं हाड मोडतं ते बऱ्याचदा असं. उशाला बॅटरी ठेवणं हा फुकटचा उपाय.

हे वाचत बसू नका, गाडी काढा

गिरकीसोबत बोलणं जड झालं, एकाचे दोन दिसायला लागले, तोंड वाकडं झालं, हात-पाय लुळा पडला, गिळता येईना, किंवा कधी नव्हे इतकं डोकं दुखलं, तर तो लहान मेंदूकडच्या रक्तवाहिनीचा झटका असू शकतो. यातलं काहीही नसताना गिरकी सतत चालू आहे आणि आधाराशिवाय उभंच राहता येत नाही, तरीही तीच शंका घ्यायची, विशेषतः बीपी-शुगरवाल्यांत. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. "सकाळपर्यंत बघू" म्हणण्यात तेच तास जातात. एका कानाचं ऐकू येणं अचानक गेलं तर तेही त्याच दिवशी दाखवायचं.

एरवी मिनिटभराच्या, कूस बदलल्यावरच्या चकरेला आधी एमआरआय लागत नाही. त्यात ही खडी दिसतच नाही. बेळगावात बीम्सच्या सरकारी रुग्णालयात आणि केएलईच्या रुग्णालयात कान-नाक-घशाचा विभाग आहे. खाट आणि जाणते हात एवढंच या तपासणीला लागतं.

यूट्यूब बघून घरी करू का?

पहिल्यांदा नको. खडी कुठल्या बाजूची, कुठल्या नळीतली हे डोळे बघितल्याशिवाय कळत नाही, आणि चुकीच्या बाजूनं केलं तर उपयोग नाही. मानेचं खरंच दुखणं असेल, डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन झालं असेल, तर आधी विचारलंच पाहिजे. एकदा डॉक्टरांनी करून दाखवलं की पुढच्या वेळी घरी, कुणीतरी शेजारी असताना, बरेच जण करतात. पुढची वेळ येऊ शकते, कारण तीळ पुन्हा सुटू शकतात.

आत्याला ती संक्रांतीच्या आसपास आली. या वेळी तिनं कुणाला बीपी बघू दिलं नाही, कपाटातला पट्टा काढू दिला नाही. डॉक्टरांपुढच्या खुर्चीत बसल्या बसल्या, त्यांनी काही विचारायच्या आत सांगितलं, "उजव्या कुशीला वळलं की येतंय. वीस आकडे मोजूस्तोवर ऱ्हातंय. ऐकू बरं येतंय. सलाइन नको." डॉक्टर हसले आणि खाटेकडे बोट दाखवलं. ती आधीच चपला काढत होती.